जन्माआधीची नोंद : शिंगरांच्या ‘फ्युच्युरिटी’ योजनांचे अर्थकारण

पेरणी आज करावयाची आणि पीक काही महिन्यांनी घ्यावयाचे, हा व्यवहार शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेला असतो. बँकेच्या ग्राहकालाही तो अपरिचित नाही. आवर्ती ठेवीचा हप्ता, विम्याचा हप्ता, मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा बाजूला काढलेली रक्कम, या साऱ्यांत आपण उद्याच्या दिवसासाठी आज पैसे मोजत असतो. मात्र जो जीव अद्याप जन्मालाच आलेला नाही, जो नर असेल की मादी, धडधाकट असेल की अधू, हे कोणालाच ठाऊक नाही, त्याच्या नावाने स्पर्धेची प्रवेश फी भरण्याची पद्धत ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. अश्वपालनाच्या क्षेत्रात ही पद्धत शंभराहून अधिक वर्षे रूढ आहे. तिला ‘फ्युच्युरिटी’ असे म्हणतात.

घोड्यांची स्पर्धा म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांना पैज आठवते. प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. प्रेक्षकाने घोड्यावर पैसे लावणे ही एक गोष्ट. घोड्याच्या मालकाने आणि पैदासकाराने आपल्याच जनावरासाठी हप्त्याहप्त्याने प्रवेश फी भरणे ही अगदी वेगळी गोष्ट. या दुसऱ्या व्यवहारात हप्ता आहे, मुदत आहे, सामायिक निधी आहे, नोंदणी आहे, हस्तांतरण आहे आणि मुदत चुकल्यास होणारे नुकसानही आहे. बँकेच्या वाचकांना हे सारे शब्द ओळखीचे वाटतील. त्यांचे अर्थ मात्र येथे थोडे निराळे आहेत.

कल्पनेचा उगम

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात मालकांनी आपापली रक्कम एकत्र करावी आणि विजेत्याने ती उचलावी, अशा शर्यतींना ‘स्वीपस्टेक’ म्हणत. ‘स्टेक’ म्हणजे लावलेली रक्कम आणि ‘स्वीप’ म्हणजे ती सगळी गोळा करून नेणे. १७८० साली एप्सम येथे सुरू झालेली डर्बी याच प्रकारातील. घोडा लहान असतानाच त्याची नोंद करावयाची, पुढे ठरावीक तारखांना एक तर नाव मागे घ्यावयाचे नाही तर पुढची रक्कम भरावयाची, असा प्रघात पडला. नाव मागे घेतले तरी आधी भरलेली रक्कम परत मिळत नसे. ती निधीतच राही.

अमेरिकेने ही कल्पना आणखी एक पाऊल मागे, म्हणजे थेट गर्भापर्यंत नेली. १८८८ साली न्यूयॉर्कजवळील शीप्सहेड बे येथे कोनी आयलंड जॉकी क्लबने ‘फ्युच्युरिटी’ नावाची दोन वर्षांच्या घोड्यांची शर्यत भरविली. तिच्यासाठी नोंद झाली होती ती घोड्यांची नव्हे, गाभण घोड्यांच्या पोटातील शिंगरांची. शेकडो मालकांचे हप्ते जमून बक्षिसाची रक्कम त्या काळच्या मानाने प्रचंड झाली. प्रॉक्टर नॉट या घोड्याने पुढे कीर्तिमान झालेल्या सॅल्वेटरला मागे टाकून ती जिंकली. त्यानंतर हे नाव एका शर्यतीपुरते उरले नाही. दुडक्या चालीच्या गाडीच्या शर्यती, क्वार्टर हॉर्स जातीच्या छोट्या पल्ल्याच्या शर्यती, गुरे वळविण्याच्या स्पर्धा आणि अखेर घोड्यांची प्रदर्शने, अशा सर्व ठिकाणी ते गेले.

आपल्याकडेही तरुण जनावराचे मोल भविष्यावरून ठरविण्याची दृष्टी जुनीच आहे. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. तेथे जाणकार गिऱ्हाईक शिंगराचे पाय, छाती, मान, चाल पाहते. देवमण आहे का, पंचकल्याणी आहे का, भोवरे कोठे आहेत, हे निरखते आणि आई-बापाची चौकशी करते. ते पैसे मोजते ते आजच्या शिंगराचे नव्हे, तीन वर्षांनंतरच्या घोड्याचे. फ्युच्युरिटीने हीच दृष्टी नियमांत आणि हप्त्यांत बांधली, इतकेच.

बंगळुरू आणि घोडा

बंगळुरूचे आणि घोड्याचे नाते जुने आहे. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे ठाणे मराठी माणसाला इतिहासातून ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकात येथील छावणीला लागणाऱ्या घोड्यांचा मोठा व्यापार चाले. इराणातील शिराझहून आलेले घोड्यांचे व्यापारी आगा अली अस्कर यांचे नाव शहरातील एका रस्त्याला आजही आहे. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल हे त्यांचे नातू. शहरापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर, तुमकूर जिल्ह्यात, कुणिगल येथील अश्वपैदास केंद्राची परंपरा थेट टिपू सुलतानाच्या काळापर्यंत सांगितली जाते.

बंगळुरू टर्फ क्लबच्या उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन्ही हंगामांत डर्बी धावली जाते. मुंबईच्या महालक्ष्मीवर फेब्रुवारीत इंडियन डर्बी होते. ती १९४३ साली ‘कंट्री ब्रेड डर्बी’ या नावाने, म्हणजे या देशात जन्मलेल्या घोड्यांची डर्बी म्हणून सुरू झाली आणि पहिल्या वर्षी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने ती जिंकली. या अभिजात शर्यतींची घडण स्वीपस्टेकचीच आहे. शर्यतीच्या कितीतरी आधी नोंद, मग ठरावीक टप्प्यांवर ‘पुढची रक्कम भरा किंवा नाव मागे घ्या’ असा पर्याय, शेवटी अंतिम स्वीकृती. आणि जमलेल्या रकमेत क्लबने किंवा प्रायोजकाने घातलेली भर. म्हणजे ज्याला आपण फ्युच्युरिटीचा सांगाडा म्हणू, तो बंगळुरूच्या किंवा पुण्याच्या घोडामालकाला चांगलाच परिचित आहे. जन्माआधीची नोंद, ही त्यातील एकच पायरी त्याला नवी वाटावी.

या साऱ्या व्यवस्थेला एक भक्कम पाया लागतो, तो म्हणजे विश्वासार्ह वंशनोंद. भारतातील थरोब्रेड घोड्यांच्या जन्माची आणि वंशाची नोंद पुण्यातील स्टड बुक अथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते आणि आई-बाप कोण, याची खात्री जनुकीय तपासणीने केली जाते. उत्तर गोलार्धात प्रत्येक थरोब्रेडचा अधिकृत वाढदिवस १ जानेवारी हा धरतात. जानेवारीत जन्मलेले आणि मे महिन्यात जन्मलेले शिंगरू पुढच्या १ जानेवारीला दोन्ही ‘एक वर्षाची’ होतात. कोवळ्या वयात चार महिन्यांचा फरक डोळ्यांत भरण्याइतका असतो. त्यामुळे शिंगरू वर्षाच्या आरंभी जन्मावे, यासाठी पैदासकारांची धडपड असते. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे वेळापत्रक किती आधीपासून आखलेले असते, याची कल्पना येईल.

छोट्या घोड्यांचे प्रदर्शन

फ्युच्युरिटीचे आजचे एक वैशिष्ट्यपूर्ण रूप अमेरिकेतील छोट्या घोड्यांच्या, म्हणजे ‘मिनिएचर हॉर्स’च्या प्रदर्शनांत पाहावयास मिळते. हे तट्टू नव्हेत. घोड्याची सारी प्रमाणबद्धता सांभाळून त्याचा आकार लहान व्हावा, या हेतूने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ही जात घडविली गेली. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनची स्थापना १९७८ साली झाली. तिच्या नोंदवहीत स्थान मिळविण्यासाठी घोड्याची उंची ३४ इंचांहून, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटरहून अधिक असता कामा नये. ही उंची आयाळीचा शेवटचा केस जेथे संपतो तेथे मोजतात. शेटलंड तट्टूंच्या संस्थेने १९७२ पासून चालविलेल्या दुसऱ्या नोंदवहीत ३८ इंचांपर्यंतचा आणखी एक गट आहे.

इतक्या लहान घोड्यावर मोठा माणूस बसत नाही, म्हणून त्याच्या स्पर्धाही निराळ्या. लगाम हाती धरून घोडा परीक्षकासमोर उभा करावयाचा आणि त्याची ठेवण व चाल दाखवावयाची. हाती धरूनच अडथळ्यांवरून उडी मारवावयाची. किंवा हलक्या गाडीला जुंपून चालवावयाचा. यांतील पहिला प्रकार अगदी दूधपित्या शिंगरालाही शक्य असतो. शर्यतीचा घोडा धावण्याजोगा होईपर्यंत दोन वर्षे जावी लागतात. छोटे शिंगरू मात्र काही महिन्यांचे असतानाच रिंगणात उतरते. त्यामुळे फ्युच्युरिटीची कल्पना या क्षेत्राला चांगलीच मानवली.

योजना चालते कशी?

निरनिराळ्या संस्थांचे नियम निरनिराळे असले तरी त्यांचा गाभा सारखा आहे. तो पायऱ्यांनी पाहू.

पहिली पायरी घोडीच्या नोंदीची. घोडी गाभण असताना तिचे नाव, ज्या नराशी संकर झाला त्याचे नाव आणि संकराची तारीख कळवून पहिला हप्ता भरावयाचा. हा हप्ता सर्वांत लहान असतो, कारण या वेळी अनिश्चितता सर्वांत मोठी असते. घोडी गाभटली, शिंगरू मृत जन्मले, तर काय, याचे उत्तर नियमांत असते. काही योजनांत त्याच मालकाची दुसरी घोडी बदली देता येते. काहींत रक्कम बुडते.

दुसरी पायरी जन्मानंतरची. शिंगराचा जन्मदिनांक, लिंग, रंग आणि खुणा नोंदवून पुढचा हप्ता भरावयाचा. येथून पुढे नोंद घोडीची न राहता शिंगराची होते.

तिसरी पायरी पात्रता टिकविण्याची. शिंगरू दूध तुटलेले असताना, एक वर्षाचे झाल्यावर, दोन वर्षांचे झाल्यावर अशा ठरावीक तारखांना चढते हप्ते येतात. तारीख चुकली की शिंगरू बाद. काही ठिकाणी थोडा विलंब दंड भरून माफ होतो; त्यापलीकडे सबब चालत नाही.

चौथी पायरी उशिरा येणाऱ्यांची. ज्याने आधी नोंद केली नाही, पण आता आपले शिंगरू उत्तम निघाले आहे असे ज्याला वाटते, त्याला भरभक्कम रक्कम भरून आत येता येते. ही रक्कम वेळेवर भरलेल्या सर्व हप्त्यांच्या बेरजेपेक्षा बरीच अधिक ठेवलेली असते, नाहीतर आधी नोंद कोण करील? शर्यतीच्या जगातील एक ठळक उदाहरण २०१५ सालचे. गोल्डन हॉर्न या घोड्याची एप्सम डर्बीसाठी वेळेत नोंद नव्हती. त्याच्या मालकाने ७५,००० पौंड भरून त्याला ऐनवेळी आत आणले आणि त्याने डर्बी जिंकली. अर्थात, अशी रक्कम भरून हरणाऱ्यांची आठवण कोणी ठेवीत नाही.

निधीत भर घालण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे नरांच्या सेवेचा लिलाव. नामांकित नर घोड्याचे मालक त्याच्याशी एका घोडीच्या संकराचा हक्क योजनेला देणगी देतात. तो हक्क लिलावात विकला जातो आणि आलेले पैसे बक्षिसात मिळतात. देणगीदाराला काय मिळते? त्याच्या घोड्याची संतती त्या वर्षीच्या स्पर्धेला पात्र ठरते, त्याचे नाव गाजते आणि काही योजनांत विजेत्या शिंगराच्या बक्षिसाचा छोटा वाटा नराच्या मालकालाही मिळतो. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला मान्यता नाही; छोट्या घोड्यांत ते चालते. त्यामुळे येथे लिलावातील हक्काचा लाभ दूरच्या पैदासकारालाही घेता येतो.

शिंगरू विकले गेले तर नोंद सहसा त्याच्याबरोबर नव्या मालकाकडे जाते. ‘सर्व हप्ते भरलेले’ शिंगरू बाजारात अधिक किंमत मिळविते. पैदासकाराच्या दृष्टीने योजनेचा खरा लाभ बहुधा हाच असतो. बक्षीस एखाद्यालाच मिळते. पात्र शिंगराला वाढीव भाव पुष्कळांना मिळू शकतो.

आकड्यांच्या भाषेत

हे गणित स्पष्ट व्हावे म्हणून एक सर्वस्वी काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका योजनेत १२० गाभण घोड्यांची प्रत्येकी १,००० रुपये भरून नोंद झाली. जन्मानंतर ९० मालकांनी २,००० रुपयांचा दुसरा हप्ता भरला. वर्ष पूर्ण होताना ६० जणांनी ३,००० रुपये भरले आणि अंतिम स्पर्धेसाठी ३० जणांनी ४,००० रुपये. चार टप्प्यांची रक्कम अनुक्रमे १,२०,०००, १,८०,०००, १,८०,००० आणि १,२०,०००. एकूण ६,००,००० रुपये.

आता हे सहा लाख कोणाचे, ते पाहा. शेवटपर्यंत टिकलेल्या ३० जणांनी प्रत्येकी १०,००० म्हणजे ३,००,००० रुपये भरले. उरलेले ३,००,००० रुपये वाटेत गळालेल्या ९० जणांचे आहेत : ३० जणांचे प्रत्येकी १,०००, ३० जणांचे प्रत्येकी ३,००० आणि ३० जणांचे प्रत्येकी ६,०००. म्हणजे निधीचा अर्धा भाग अशांचा, ज्यांचे शिंगरू रिंगणापर्यंत पोहोचलेच नाही. बक्षिसाची रक्कम डोळे दिपविणारी का असते, याचे उत्तर येथे मिळते.

नरांच्या लिलावातून एक लाख आले असे धरू. सात लाखांतून दहा टक्के, म्हणजे ७०,००० रुपये, व्यवस्थापनासाठी वजा केल्यावर ६,३०,००० रुपये वाटपाला उरले. पहिल्याला ४० टक्के म्हणजे २,५२,०००, दुसऱ्याला २० टक्के म्हणजे १,२६,०००, तिसऱ्याला १२ टक्के म्हणजे ७५,६००, चौथ्याला ८ टक्के म्हणजे ५०,४०० आणि पाचव्या ते दहाव्या क्रमांकाला प्रत्येकी २१,००० रुपये. दहा जण फायद्यात, टिकलेले वीस जण दहा-दहा हजारांनी तोट्यात, गळालेले नव्वद जण कमी-अधिक तोट्यात.

सर्व १२० जणांचा एकत्रित विचार केला, तर प्रत्येकाने सरासरी ५,००० रुपये भरले आणि सरासरी ५,२५० रुपये परत आले. वरचे अडीचशे रुपये लिलावामुळे. लिलाव नसता, तर सहा लाखांतून साठ हजार खर्च वजा जाऊन सरासरी ४,५०० रुपयेच परत आले असते. बाहेरून पैसा आला नाही, तर सर्व सहभागी मिळून व्यवस्थापनाच्या खर्चाइतका तोटा सोसतात, हा या योजनांचा साधा नियम आहे. प्रायोजक, देणग्या आणि लिलाव यांना म्हणूनच महत्त्व. शिवाय चारा, खुराक, पशुवैद्य, नालबंद, प्रशिक्षक आणि प्रवास यांचा खर्च या हिशेबात धरलेलाच नाही. तो प्रवेश फीपेक्षा किती तरी मोठा असतो.

आपल्याकडील भिशीशी याची तुलना केली तर फरक लगेच कळतो. भिशीत प्रत्येकाची पाळी केव्हा ना केव्हा येते. आवर्ती ठेवीत हप्ता चुकला तरी मुद्दल बुडत नाही. फार तर दंड लागतो किंवा व्याज कमी मिळते. फ्युच्युरिटीत शेवटचा हप्ता चुकला तर आधीचे सारे गेले. म्हणून तिला बचत म्हणता येणार नाही. ती स्पर्धेची फी आहे, आणि तिच्याकडे फी म्हणूनच पाहावे.

नोंद आणि वारस

‘नॉमिनेशन’ हा शब्द बँकेत वारसदाराच्या संदर्भात येतो. शर्यतीच्या जगात तो घोड्याच्या नोंदीसाठी वापरतात. हे दोन अर्थ एका प्रसंगी विलक्षण रीतीने एकत्र आले. इंग्लंडमधील जुन्या नियमानुसार ज्याने घोड्याची नोंद केली तो मालक शर्यतीपूर्वी मरण पावला, तर नोंद आपोआप रद्द होई. सेंट सायमन हा घोडा १८८१ साली जन्मला. त्याचे मालक प्रिन्स बाथ्यानी १८८३ मध्ये वारले आणि ‘टू थाउजंड गिनीज’ या अभिजात शर्यतीतील त्याची नोंद मालकाबरोबर संपली. ड्यूक ऑफ पोर्टलंड यांनी हा घोडा १,६०० गिनींना घेतला. तो जेवढ्या शर्यती धावला त्यांत एकदाही हरला नाही. १८८४ चा अॅस्कॉट गोल्ड कप त्याने जिंकला. तरीही एकही अभिजात शर्यत त्याच्या नावावर लागली नाही. पुढे पर्सिमन आणि डायमंड ज्युबिली या त्याच्या मुलांनी १८९६ आणि १९०० साली डर्बी जिंकली.

हा अन्यायकारक नियम १९२० च्या दशकाअखेर रद्द झाला. लॉर्ड ड्यूअर १९३० साली वारले. त्यांचा कॅमेरोनियन हा घोडा पुतण्याकडे गेला आणि नोंद कायम राहिल्यामुळे १९३१ ची डर्बी जिंकू शकला. सेंट सायमनच्या वाट्याला जे आले नाही, ते एका नियमातील बदलामुळे कॅमेरोनियनला मिळाले.

आपल्या ठेवींनाही हे लागू आहे. खातेदाराच्या पश्चात रक्कम विनासायास योग्य हाती पडावी, म्हणून नामनिर्देशनाची सोय असते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. ज्या वाचकांनी ते अद्याप केले नसेल, त्यांनी शाखेत जाऊन एकदा आपला अर्ज तपासावा.

इंचभर वाढीचा प्रश्न

छोट्या घोड्यांच्या योजनेत आणखी एक अडचण असते, जी शर्यतीच्या घोड्यांना नाही. शिंगरू वाढते. एका वर्षाचे असताना परीक्षकाने ज्याला पहिला क्रमांक दिला, ते पुढे ३४ इंचांपेक्षा उंच होऊ शकते. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनमध्ये पाच वर्षांचे होईपर्यंत नोंद तात्पुरती असते. त्यानंतर मोजमाप होऊन ती कायम होते. मर्यादा ओलांडली की पदके असूनही जनावर त्या नोंदवहीतून बाहेर पडते आणि पैदाशीसाठीचे त्याचे मोल घसरते.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. लहानांतले लहान जनावर जिंकू लागले की पैदासकार आणखी लहानाच्या मागे लागतो. फार लहान घोडीची प्रसूती अवघड होते आणि तिचा व शिंगराचा जीव धोक्यात येतो. या जातीत जन्मजात खुजेपणाचा आनुवंशिक दोषही आढळतो : डोके मोठे, पाय वाकडे, श्वासाचा त्रास. तो उत्पन्न करणारे काही जनुकीय बदल आता ओळखता आले आहेत आणि त्यांची तपासणी उपलब्ध आहे. दोषाचे दोन वाहक, जे स्वतः निरोगी दिसतात, त्यांचा संकर टाळणे आता शक्य आहे. जबाबदार पैदासकार संकरापूर्वीच ही तपासणी करून घेतो.

शर्यतीच्या घोड्यांबाबतही प्रश्न आहेच. दोन वर्षांच्या वयात हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते. चढते हप्ते आणि ठरलेली तारीख यांमुळे मालकाला थांबण्याचा मोह कमी होतो आणि सरावाची घाई वाढते. जनावराच्या पायात किंचित कळ आहे, पण ८० टक्के फी भरून झाली आहे, अशा वेळी निर्णय कोणाच्या बाजूने झुकतो, हे सांगावयास नको. त्या घाईची किंमत जनावर मोजते.

पुढचा हप्ता भरावा की सोडावा?

या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर सोपे आहे, आचरण अवघड आहे. आजवर भरलेली रक्कम निर्णयात धरावयाचीच नाही. ती पुढचा हप्ता भरला तरी परत येत नाही आणि न भरला तरी येत नाही. विचार दोनच गोष्टींचा : आता भरावयाची रक्कम आणि यापुढील पालनखर्च किती, आणि आज दिसणाऱ्या शिंगराला पुढे काय मिळण्याचा संभव आहे.

आपल्या उदाहरणात अखेरच्या ३० जणांना वाटपाची सरासरी २१,००० रुपये पडते आणि हप्ता ४,००० रुपयांचाच आहे. म्हणजे भरावाच, असे वाटेल. पण ही सरासरी फसवी आहे. तिसांपैकी वीस जणांना काहीच मिळत नाही, आणि आपले शिंगरू सरासरीइतके आहे की नाही हे डोळसपणे ठरविणे मालकाला जड जाते. म्हणून अनुभवी मालक हप्त्याआधी त्रयस्थ जाणकाराला जनावर दाखवितात आणि त्याने ‘नाही’ म्हटले तर नोंद सोडून देतात. ‘इतके भरले, आता मागे कसे फिरू’ हा विचार घोड्यापुरता मर्यादित नाही. रखडलेले बांधकाम, न चालणारी एजन्सी, पुनःपुन्हा भांडवल मागणारा जोडधंदा, या साऱ्यांत तो माणसाला खोल नेतो.

भारतीय कायद्यानेही या व्यवसायाला वेगळे कोष्टक दिले होते. १९६१ च्या आयकर कायद्यात शर्यतीचे घोडे बाळगण्यातील तोटा केवळ त्याच व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा करता येई आणि तो चारच वर्षे पुढे नेता येई. पगारातून किंवा दुकानाच्या नफ्यातून तो भरून काढण्याची मुभा नव्हती. घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग प्रधान आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला होता. परंतु कौशल्य असले म्हणून जोखीम नाहीशी होत नाही.

सहभागी होण्यापूर्वी

परदेशातील किंवा येथील अशा कोणत्याही हप्त्यांच्या स्पर्धेत जनावर उतरविण्याचा विचार असेल, तर काही गोष्टी आधी लेखी पाहून घ्याव्यात. सर्व हप्त्यांच्या तारखा आणि रकमा पहिल्याच दिवशी छापील मिळतात का? शिंगरू दगावल्यास, विकल्यास किंवा मालक वारल्यास नोंदीचे काय होते? निधी स्वतंत्र खात्यात ठेवला जातो का आणि त्याचा हिशेब तपासून जाहीर होतो का? व्यवस्थापनाचा वाटा आधीच ठरलेला आहे, की उरेल ते वाटले जाणार आहे? पुरेशा नोंदी न आल्यास स्पर्धा रद्द होऊन पैसे परत मिळतात का? परीक्षक कोण, आणि त्याचा स्पर्धक जनावरांशी संबंध नाही ना?

आपल्या शाखांतील सहकाऱ्यांनाही यातील एक मुद्दा उपयोगी पडेल. यात्रा समिती, पशुप्रदर्शन मंडळ किंवा क्रीडासंस्था जेव्हा प्रवेश फीच्या निधीसाठी खाते उघडावयास येते, तेव्हा बक्षिसाचा निधी आणि दैनंदिन खर्च यांची खाती वेगळी ठेवण्याचा आणि दोन सह्यांनीच रक्कम काढण्याचा सल्ला अवश्य द्यावा. बक्षीस देण्याच्या दिवशी निधी पुरेसा नसेल, तर वर्षानुवर्षे हप्ते भरणाऱ्यांचा विश्वास एका सायंकाळी जातो आणि पुढच्या वर्षी गाभण घोडीची नोंद करावयास कोणी येत नाही.

घोडी गाभण असताना भरलेला पहिला हप्ता हा विश्वासाचाच हप्ता असतो : शिंगरू धड जन्मेल, नोंदवही खरी असेल, जमलेला पैसा जागेवर असेल आणि परीक्षक निःपक्षपाती असेल, हा तो विश्वास. यांपैकी पहिली गोष्ट कोणाच्याच हाती नाही. उरलेल्या तिन्ही मात्र माणसांच्या हाती आहेत, आणि ज्या योजनेने त्या सांभाळल्या असतील तिच्यातच पैसा गुंतविणे शहाणपणाचे ठरेल.